नेमकं की सढळ

परळच्या त्या हॉस्पिटलात माझ्या मांडीवर पहिल्यांदा तांदूळ आले, तेव्हा ते देणाऱ्या माणसाला मी "चालते व्हा इथून" म्हणाले होते. खोटं कशाला सांगू, याहून वाईटही काहीतरी म्हणाले होते. सिझेरियनला सहा दिवस झालेले, टाके ओढत होते, छाती दगडासारखी झाली होती आणि पोरगी आत काचेच्या पेटीत. सातव्या महिन्यातच झालेली. हात कोपरापर्यंत धुवायचे, पेटीच्या गोल खिडकीतून एक बोट आत घालायचं, बस. उचलून घ्यायची परवानगी नव्हती. अशात हा कोण कुठला म्हातारा, पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत छत्री, माझ्यासमोर येऊन उभा राहिला. जुन्या साडीच्या कापडाची शिवलेली एक पिशवी त्याने माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "नऊशे चाळीस. धरा."

"हे काय आहे?"

"तांदूळ. तुमच्या मुलीच्या वजनाचे. हात शिकले पाहिजेत."

"मला बाळ पाहिजे, तांदूळ नकोत. चालते व्हा इथून."

ते गेले नाहीत. बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले, छत्री दोन पायांमध्ये उभी धरली आणि समोरच्या भिंतीवरची 'शांतता राखा'ची पाटी वाचत राहिले. मी पिशवी उचलली ती बाजूला आपटायला. उचलली आणि हातातच राहिली. एवढीशी? एवढीच आहे माझी मुलगी? सहा दिवस लोक मला आकडा सांगत होते आणि मी मान हलवत होते, पण नऊशे चाळीस म्हणजे किती हे माझ्या हातांना आत्ता कळलं होतं. मग जे रडू आलं ते काही थांबेना. त्यांनी मान वळवली नाही. अर्ध्या तासाने पाटीकडेच बघत म्हणाले, "डोकं डावीकडे धरा. पेटीत ती डावीकडे डोकं करून असते." मी पिशवी फिरवून धरली.

सगळे त्यांना काका म्हणायचे. वजनमापे खात्यातून रिटायर झालेले इन्स्पेक्टर. लालबागपासून दादरपर्यंत वाण्यांचे तराजू, कोळणींचे काटे, रद्दीवाल्यांची वजनं तपासण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली. हातात येईल ते तोलायची सवय मात्र रिटायर झाली नाही. माझ्या नवऱ्याने डब्यातून आणलेलं संत्रं ते तळहातावर घ्यायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "एकशे ऐंशी." नवऱ्याने एकदा मुद्दाम खालच्या फळवाल्याकडे तोलून बघितलं. एकशे ब्याऐंशी. हे काकांना सांगितलं तर म्हणाले, "त्याचा काटा दोनने पुढे आहे, मला माहितीये."

कँटीनवाल्याशी तर त्यांचं उभं वैर होतं. भर गर्दीत त्यांनी त्याला सुनावलं होतं, "तुमचा वडा दिवाळीपासून दहा ग्रॅमने उतरलाय." तो म्हणाला, "काका, तुम्ही वडा खाता का कधी? नुसता उचलता आणि परत ठेवता. तुमचा हात लागलेला वडा मी कुणाला देऊ?" मग काका वडा कागदात धरून तोलायला लागले.

नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, किंवा ठेवायचीच नसतील. प्रत्येक आईबापाला ते बाळाच्या जन्माच्या वजनाने हाक मारायचे. "काय अकराशे वीस, आज दाढी केलीत वाटतं." "साडेआठशे, तुमचं जेवण झालं का?" मी नऊशे चाळीस. आधी मला शिसारी यायची. माणूस आहे की पोतं? पण आत बाळांना नावं नव्हतीच, सगळी आपापल्या आईच्या नावाची लेबलं लावून पडलेली होती. बाहेर आयांना बाळाचा आकडा लागला तर हिशेब सारखाच झाला की. पुढे पुढे तर दुसऱ्या कुणी मला नावाने हाक मारली की मीच दोन सेकंद बघत राहायचे.

त्यांचं तिथे नेमकं काय काम, हे कुणी नीट सांगू शकत नव्हतं. पगारी नव्हते. कधीकाळी कुणा मोठ्या डॉक्टरांनी "बसू दे त्यांना" म्हटलं होतं. ते डॉक्टर निवृत्त झाले आणि काका बसतच राहिले. सकाळी बाळांची वजनं व्हायची. ज्या आईबापांची हरकत नसेल त्यांचे आकडे सिस्टर दारात येऊन काकांना सांगायची. मग पाण्याच्या मशीनशेजारी त्यांचं दुकान लागायचं. एक छोटी तागडी, पितळी वजनं, स्टीलच्या डब्यात तांदूळ. बाळ जेवढं वाढलं तेवढे तांदूळ त्याच्या पिशवीत घालायचे, दोन टाके मारून तोंड शिवायचं आणि पिशवी आईच्या मांडीवर. आत न्यायची नाही, हा सिस्टरचा कडक नियम. बाहेर बाकावर धरून बसायची.

"वजन काट्याला विचारू नका, मला विचारा," असं ते पहिल्याच दिवशी बजावायचे. "तुम्ही दुधाकडे बघा." मला तर बरंच वाटलं. तिथे आकडे काय कमी होते? ऑक्सिजनचा आकडा, ठोक्यांचा आकडा, नळीतून किती दूध गेलं तो आकडा, आणि आपण काढलेलं दूध बाटलीच्या तळाला दिसतं न दिसतं तो आकडा. त्यातला एक तरी कुणी डोक्यावरून उतरवून घेतोय म्हटल्यावर मी तो देऊन टाकला. अकरा वाजता डॉक्टर राउंडला यायचे तेव्हाही मी वजन विचारायचे नाही. श्वास कसा आहे एवढंच विचारायचे आणि उत्तर पुरतं ऐकायच्या आधी मान हलवायचे.

ते तरी काय सांगणार? आज बरी आहे, उद्या बघू. सकाळी नळी काढतो म्हणायचे, दुपारी पुन्हा घालायचे. माझा नवरा ऑफिसातून फोन करायचा, "अगं, काय म्हणाले? नीट सांग ना." काय नीट सांगू, कपाळ? मी फोन काकांकडे द्यायचे. काका ठरलेलं वाक्य म्हणायचे, "काटा हलतोय. हलतोय तोवर वाचायचं नाही," आणि फोन बंद करायचे. नवरा पहिल्यांदा भडकला होता. मग तो मेसेज करायला लागला, "हलतोय का थांबला?"

माझ्या सासूबाई मालवणच्या. त्यांनी हा प्रकार पहिल्यांदा बघितला तेव्हा कॉरिडॉरमध्ये जी काय शोभा झाली! डबा घेऊन आल्या तर सून मांडीवर तांदूळ घेऊन बसलेली आणि शेजारी एक म्हातारा सुईदोरा घेऊन. डबा खाली ठेवायच्या आधीच सुरू झाल्या, "बापयान ओटी भरलेली खंय बघलंस काय गो तू? सवाष्णीन भरूची ती! आणि नारळ खंय हा?"

काका उठून उभे राहिले. हात जोडून म्हणाले, "वहिनी, ही ओटी नव्हे. हे प्रमाणित वजन आहे."

सासूबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "तुमी खंयचे?" ते निघाले देवगडचे. झालं! पुढची वीस मिनिटं कोण कुणाचा मामेभाऊ, कुणाचं घर देवळाच्या खालच्या अंगाला, हेच चाललं. जाताना सासूबाईंनी पिशवी हळूच मांडीवर घेतली. दुसऱ्या दिवशी येताना गावच्या तांदळाची पुरचुंडी घेऊन आल्या आणि काकांना म्हणाल्या, "बाजारचे कित्याक? आमचे भरा."

तिथे आमच्या शेजारी शीव कोळीवाड्याची एक मुलगी बसायची. असेल बावीस-तेवीसची. सातशे दहा. बोलायची कमी, पण पिशवीशी सतत काहीतरी पुटपुटत असायची, आणि तिची पिशवी नेहमी पदराखाली. एका सकाळी मी आले तेव्हा बाकावर ती नव्हती. आतून तिचा आवाज आला, एकदाच. मग पुन्हा काही नाही. दुपारी घरचे तिला घेऊन निघाले. वॉर्डातल्या मावशी काकांना हळूच म्हणाल्या, "पिशवी राहिलीय तिच्याकडे. मागून घेऊ?"

काका म्हणाले, "माप तिचं आहे. राहू दे."

ती लिफ्टपर्यंत पिशवी छातीशी धरून गेली, डोकं डावीकडे ठेवून. त्या दिवशी काकांनी कुणाची पिशवी भरली नाही. तागडी कापडात गुंडाळून बसून राहिले. मीही बसले. दुसरं काय करणार होते? पिशवी मांडीवर घ्यायची मात्र हिंमत होईना. मध्येच काका म्हणाले, "नऊशे चाळीस, धरा ती. तुमचं बाळ आत आहे." मी धरली.

नंतरचा आठवडा वाईट गेला. पोरीला इन्फेक्शन झालं. औषध बदललं, दूध बंद केलं, पुन्हा थेंबथेंब सुरू केलं. मी रोज सकाळी काकांकडे बघायचे आणि ते म्हणायचे, "आज कालच्याइतकंच." कधी म्हणायचे, "दहा वाढले," आणि चिमूटभर तांदूळ आत घालायचे. मला वाटायचं, चला, निदान वजन तरी टिकून आहे. एवढ्या सगळ्या पडझडीत तो एक आकडा माझ्या मांडीवर शाबूत होता आणि मी त्यालाच धरून बसले होते.

सतराव्या दिवशी सिस्टर बाहेर आली आणि म्हणाली, "ताई, आज बाळाला छातीवर घ्यायचं का? कांगारू. डॉक्टर हो म्हणालेत."

मी घाबरले. पण हातांना भीती नव्हती. अकरा दिवस ते हेच करत होते. आत गेले, खुर्चीत मागे टेकले, गाऊनची बटणं काढली. सिस्टरने वायरी आणि नळ्या सांभाळत पोरगी माझ्या दोन तळव्यांत दिली, आणि मी तिला छातीवर घेतली. डोकं डावीकडे. तिचा गाल लागला मला. ऊन होता. आई गं! सतरा दिवसांनी. काय सांगू? मला तिथून उठायचंच नव्हतं, कधीच.

पण त्या सुखातसुद्धा हातांनी चुगली केली. तिला तळव्यांत घेतली त्याच क्षणी हात म्हणाले, ही ती नाही. ही हलकी आहे.

तासाभराने बाहेर आले आणि बाकावरची पिशवी उचलली. जड. डोळे मिटून पुन्हा उचलली. जडच. काका घरी गेले होते, ते एक वाजता निघायचे. मी पिशवी ओढणीखाली घेतली, टाके सांभाळत जिना उतरले आणि गेटसमोरच्या वाण्याच्या काट्यावर ठेवली. तो म्हणाला, "काय देऊ?" मी म्हटलं, "काही नको, फक्त बघायचंय." पिशवीसकट बरोबर एक किलो. कापडाचे वीस वजा केले तर नऊशे ऐंशी. वर येऊन सिस्टरला विचारलं, मुलीचं आजचं वजन किती? ती म्हणाली, "ताई, काकांनी सांगितलं नाही का? आठशे पासष्ट."

त्या रात्री मी झोपले नाही. पोरीची काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त संताप होता. जन्मली त्याहून पंचाहत्तर ग्रॅम कमी आणि मी मूर्खासारखी फुगवलेली पिशवी मांडीवर घेऊन खुशीत बसले होते!

सकाळी काका तागडी मांडत होते. मी पिशवी त्यांच्या पारड्यात टाकली. पारडं खाड्कन खाली आपटलं.

"किती आहेत यात?" मी विचारलं.

त्यांनी पारड्याकडे बघितलंसुद्धा नाही. "नऊशे ऐंशी."

"आणि ती किती आहे?"

"आठशे पासष्ट. आज आठशे सत्तर."

"जन्मभर वाण्यांची खोटी मापं पकडलीत ना तुम्ही? आणि मला खोटं माप? मला?" माझा आवाज चढला होता. आजूबाजूचे आईबाप बघायला लागले.

काका शांतपणे म्हणाले, "खोटं माप म्हणजे घेणाऱ्याच्या पदरात कमी पडतं ते. जास्त भरलं तर कायद्याने गुन्हा होत नाही."

"कायदा गेला खड्ड्यात! मला खरं पाहिजे!"

ते छत्रीच्या मुठीवरून अंगठा फिरवत होते. मग इतक्या हळू बोलले की मला वाकून ऐकावं लागलं. "माझा मुलगा साडेआठशेचा होता. इथेच. तेव्हा ही बिल्डिंग नव्हती, जुनी होती. आठव्या दिवशी सिस्टर म्हणाली, बाबा, घ्या हातात. त्याच सकाळी मला कुणीतरी सांगितलं होतं, तीस ग्रॅम उतरलाय. मी म्हटलं, उद्या घेतो. जरा भरू दे. मी काट्यातला माणूस ना. उतरलेला माल हातात घ्यायला मन होईना." त्यांनी नाक पुसलं. "उद्या झालाच नाय गो."

एवढ्या दिवसांत माझ्याशी बोलताना त्यांच्या तोंडून देवगडची बोली पहिल्यांदा आली.

मग म्हणाले, "उतरलं सांगितलं की माणसं हात मागे घेतात. मी घेतला होता. म्हणून उतरलेलं मी सांगत नाही."

कालची सकाळ मला आठवत होती. सिस्टर दारात आली तेव्हा आठशे पासष्ट मला माहीत असतं, तर मीही "उद्या" म्हणाले असते. शंभर टक्के म्हणाले असते. माझी मुलगी काल माझ्या छातीवर तासभर होती ती या माणसाने भरलेल्या जास्तीच्या तांदळांमुळे. हे मला कळत होतं आणि तरीही माझा राग जात नव्हता. दोन्ही एकदम होतं.

"काका," मी म्हटलं, "आता मी तिला घेतलीये. आता हात मागे नाही जायचा. मला नेमकं द्या."

त्यांनी टाके उसवले. एका पारड्यात वजनं घातली आणि दुसऱ्यातून तांदूळ काढायला लागले. एकशे दहा ग्रॅम म्हणजे काय असतात, दोन मुठी. पण त्यांना ते जमेना. दाणे फरशीवर सांडत होते. चाळीस वर्षं या माणसाने मापं तपासली आणि बाळाच्या पिशवीतून तांदूळ काढायची वेळ बहुधा पहिल्यांदाच आली असावी. शेवटी मीच खाली बसले आणि काढले. आठशे सत्तर झाले. पिशवी शिवली आणि मांडीवर घेतली. हलकी. बरोबर, हीच ती.

त्या दिवसानंतर काकांची पद्धत बदलली. नव्या आईला पहिली पिशवी देताना ते विचारायला लागले, "रोजचं नेमकं भरू की सढळ?" आणि दोन्हीचा अर्थ समजावून सांगायचे, सरकारी माणसासारखा, कलमं सांगितल्यासारखा. बहुतेक जणी आधी सढळ म्हणायच्या. मग कधीतरी आपणहून येऊन सांगायच्या, काका, आजपासून नेमकं. कधी कुणी सढळवरच राहायची. काका तिला काही म्हणायचे नाहीत.

माझी मुलगी आठशे सत्तरची नऊशे झाली, पुन्हा आठशे नव्वद झाली, मग वाढत गेली. सगळं सांगत बसत नाही, मलाही आता नीट आठवत नाही. त्या दिवसांचा फक्त शीण आठवतो. अंगातून अजून पूर्ण गेलेला नाही. एक किलो सातशे वीसला घरी सोडलं. निघताना मी तिला दुपट्यात गुंडाळून काकांसमोर नेली आणि म्हटलं, "घ्या, आता तुम्ही सांगा किती भरते."

काका दोन पावलं मागे सरकले. दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत धरले. "नको, नको. माझे हात नको." मी आग्रह करणार होते, पण सिस्टरने डोळ्यांनी दटावलं. नंतर म्हणाली, इतक्या वर्षांत किती जणांनी असं बाळ पुढे केलं असेल, काकांनी एकालाही हातात घेतलं नाही. संत्री, वडे, पिशव्या, सगळं तोलतील. बाळ नाही.

तो माणूस माझी पिशवी मात्र उसवून हातात देत म्हणाला, "याची पेज करायची. एकटीने खायची. पिशवी धुवून आणून द्यायची, आणि महिन्यातून एक शनिवार इथे येऊन बसायचं."

"बसून काय बोलायचं?"

"काय नाय बोलायचं. बसायचं. त्यांना दिसलं पाहिजे की तुम्ही आहात."

घरी गेल्यावर सासूबाईंनी ती पेज रटरट शिजवली, वर मीठ आणि तुपाची धार. वाटी माझ्यापुढे ठेवली आणि पोरीला मांडीवर घेऊन समोर बसल्या. मी वाटी सगळी संपवली.

शनिवारी मी जायला लागले. माझ्यासारखे आणखी चारपाच जण होते. अकराशे वीस असायचा, दाढी केलेला. आम्ही बसायचो. कुणी विचारलं तर सांगायचो, माझी नऊशे चाळीसची होती, आता शाळेत जाते. दरवेळी जायचा कंटाळा यायचा, खोटं नाही बोलत. कामाचा आठवडा, घर, पोरगी, वर पुन्हा तो वास, ते मशिनांचे आवाज. वैताग यायचा. तरी जायचे.

गेल्या वर्षी काका येईनासे झाले. श्वास लागायचा, जिना उतरता येईना. तागडी आणि डबा त्यांनी अकराशे वीसबरोबर माझ्याकडे पाठवून दिले, निरोप काहीच नाही. मग एका रविवारी सकाळी मुलीला घेऊन मी काळाचौकीला गेले. चाळीत दुसरा मजला. दारात काकी उभ्या होत्या. "येवा, येवा. काल तुमचो फोन इलो, तेव्हापासून विचारतत, इली काय, इली काय."

काका खिडकीजवळ खुर्चीत होते. शर्ट तोच, खिशाला पेनं दोन, पण आतला माणूस अर्धा झाला होता. मनात आलंच, हे आता किती भरतील. मला बघून म्हणाले, "या, नऊशे चाळीस." मग माझ्यामागे लपलेल्या मुलीकडे बघितलं. "ही?"

"हीच."

चार वर्षांची पोर, दोन मिनिटं लाजली आणि मग तिला काकांच्या खिशातली पेनं दिसली. तिला पेनांचं भारी वेड. मी "अगं, थांब" म्हणेपर्यंत ती खुर्चीच्या दांड्याला धरून सरळ त्यांच्या मांडीवर चढून बसली आणि खिशात हात घातला.

काकांचे दोन्ही हात हवेत. कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. पाठीमागे नेता येईनात, पाठ खुर्चीला टेकलेली. काकींनी तोंडाला पदर लावला. मी पुढे झाले नाही. मुलगी पेनाचं टोपण काढायला वाकली आणि घसरायला लागली, तेव्हा ते हात खाली आले आणि त्यांनी तिला धरलं. काखेत धरून वर ओढून घेतलं. मग तसेच राहिले. डोळे बारीक केले, मग मिटले. बराच वेळ मिटलेलेच होते. मी वाट बघितली. काटा हलत होता.

"तेरा किलो चारशे," काका म्हणाले.

तासाभराने आम्ही निघालो. चाळीखाली वाण्याचं दुकान होतं, बाहेर पोती तोलायचा मोठा काटा. मला राहवेना. मी मुलीला त्यावर उभी केली. वाणी म्हणाला, "वरच्या काकांकडून आलात ना? मग काळजी नको ताई, हा काटा एक नंबर. दर महिन्याला तेच बघायचे."

मुलगी हलत होती. तिला म्हटलं, नीट उभी राहा गं. आकडा थांबेपर्यंत मी वाचला नाही.

तेरा किलो दोनशे.

वर बघितलं. काका खिडकीत होते, आमच्याकडेच बघत. त्यांनी हात वर केला. मीही केला, आणि दोनशे ग्रॅमबद्दल काही बोलले नाही.